चांगला पाय आधी

टेबल माझ्या कमरेच्या वर येतं.
कुणाच्या मापाचं केलंय, कोण जाणे.
डॉक्टरांना वाकावं लागत नाही, एवढं खरं.
वाकायचं काम आपल्याकडे.

द्वारकेच्या अलीकडे, हाडांचा दवाखाना,
दुसरा मजला, खोली चार.
तेजस्वी, आजपासून ही खोली तुझी. ऐक.

आधी हे स्टूल.
दोन पायऱ्यांचं, सागाचं, भद्रकालीतल्या अय्यूब मिस्त्रींनी केलेलं,
माझ्या पैशानं. पावती नाही.
त्याआधी कंपनीचं होतं, चकचकीत, एका पायरीचं,
खाली चाकं.
चाकं! चढायच्या वस्तूला!
ते कुठे गेलं, नंतर सांगते.

माणूस आत आला की तोंड नको बघू, चपला बघ.
टाच कुठल्या बाजूनं झिजलीय,
त्यावरून कळतं तो कुठला पाय वाचवतोय.
दुखरा कुठला, हे त्याला सगळेच विचारतात.
तू चांगला कुठला ते विचार.
चढताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा.
ओठांवर बसू दे हे, पाढ्यासारखं.

आणि हात धरून ओढायचं नाही. कधीच नाही.
दंड पुढे करायचा, धरेल तो.
गंगेवर बघतेस ना, शेवाळलेल्या पायरीशी कुणी अडखळला
की शेजारचा अनोळखी माणूस दंड पुढे करतो,
नाव-गाव विचारत नाही. तस्सं.
पदर लोंबत असेल तर तोंडानं सांग, खोचून घ्या म्हणून.
आपण खोचायला जायचं नाही.

नोटप्रेसचे नेरकर काका येतील मंगळवारी.
चौतीस वर्षं नोटा मोजल्या त्यांनी,
इथेही मोजतात: एक, दोन,
आणि अंधारात चाचपावं तसा पाय तिसरीला शोधतो.
तिसरी नाही काका, म्हणायचं. आता वळा. आता बसा.
पाठीला टेबल लागलं की माणूस श्वास सोडतो,
तो ऐकू येईपर्यंत दंड काढायचा नाही.

हरसूलची भोयेबाई मात्र चढलीच नाही.
एवढ्या उंच मी कशाला, म्हणाली,
त्यालाच सांग खाली बसाया.
आणि बसली फरशीवर, भिंतीला टेकून, पाय पसरून.
वैद्य डॉक्टर दारात थबकले,
माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.
मग बसले उकिडवे, तिच्या गुडघ्याशी.
त्यांचाच गुडघा आधी वाजला.
ती म्हणाली, बाबा, तुलापण दुखतं का रे?

हसू नकोस एवढी.

ते चाकांचं स्टूल.
वडाळ्याहून रुकैय्याबी आली होती, एकटी, रिक्षानं.
फाइल आणायला मी बाहेर गेले,
किती वेळ, भिंतीवरचं घड्याळ सांगेल, मी नाही.
तिला वाटलं, मावशीला कशाला त्रास.
आवाज आला तेव्हा मी दारातच होते.
मनगट वाकडं झालेलं, बुरख्याची कड चाकात,
आणि ती मलाच म्हणते,
माफ करा, मीच घाई केली.

चौकशी झाली. कागदावर लिहिलं,
रुग्ण स्वतःहून चढली.
खोटं नाही ते.
सही माझीपण आहे खाली.

स्टूल आता गच्चीवर असतं.
चाकांत सुतळी आवळून बांधलीय,
वर कोरफडीची कुंडी.
कुंडीला कुठे चढायचं नसतं.

आणि हे शेवटचं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही सांगणार.
माणूस चढत असतो तेव्हा
तुझा एक पाय स्टुलाच्या खालच्या दांडीवर ठेव, घट्ट, सगळा भार देऊन.
सागाचं आहे, हलत नाही ते, माहितीये मला.
तरी ठेव.

बेल वाजली बघ.
बोलव.